एसएमबी कोणता घ्यावा अन सोडायची प्रॅक्टिस परभणीत कुठं करावी?

गंगाखेड_३१:
नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, मागच्या सीझनला तारकर्लीला ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) केलं, आता डिसेंबरात आम्ही चौघं मित्र कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला डाइव्हला जायलोत. कोर्समधी इन्स्ट्रक्टरनं एसएमबी (आपण कुठं आहोत ते बोटीला दिसावं म्हणून पाण्याखालून दोरीनं वर सोडायची फुगवायची नळी) सोडून घेतला होता पण निम्मं काम त्यांचाच हात करत होता, त्यामुळं आपलं आपल्याला येतंय असं काही वाटत नाही. आता स्वतःचा घ्यायचाय. ऑनलाइन बघितलं तर १ मीटरपासून १.८ मीटरपर्यंत आहेत, कुणाचं तोंड उघडं, कुणाला व्हॉल्व्ह, कुणासोबत दोरीचं रील तर कुणासोबत दोरीचा स्पूल, काही समजंना. दुसरं म्हणजे प्रॅक्टिस. आमच्याकडं पाणी म्हणजे पालिकेचा पूल नाहीतर मामाची विहीर, विहिरीला सध्या चार परस पाणी आहे अन लहानपणापासून तिथंच पोहलोय. टँक (पाठीवरचा हवेचा सिलिंडर) आणून तिथं केलं तर चालंल का? जरा इस्कटून सांगा.

निळाई_संभाजीनगर:
भाऊ, आधी विहिरीचं सांगते. नको. मोटारीचा पाइप, वायर, कधीकाळी तुटून पडलेले दोर, खाली गाळ. फिन (पायातलं वल्हं) लागलं की स्वतःचा हात दिसत नाही. पोहताना तू वरच्या वर असतोस, टँक लावून खाली गेलास की हेच सगळं अडकायला बसलेलं असतं. त्यात पाणी समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर असलं की डाइव्हचं गणित उंचीप्रमाणं लावावं लागतं, आपला बराचसा मराठवाडा त्याच्या वरच आहे.

आता लांबी. नेत्राणी मुरुडेश्वरपासून साधारण १९ किलोमीटर आत, उघडा समुद्र. थोडी लाट असली तरी पाण्यावरचं डोकं बोटवाल्याला दिसत नाही, अन १ मीटरच्या नळीतला बराच भाग पाण्याखालीच राहतो. म्हणून १.२ ते १.५ मीटरचा घे. १.८ लांबून छान दिसतो पण भरायला हवा लई लागते अन नवीन माणसाला सांभाळायला जड जातो. रुंदी वाचताना एक लक्षात ठेव, तिथं बहुतेक वेळा सपाट पडलेल्या नळीची रुंदी दिलेली असते. सपाट १५ सेंटिमीटर म्हणजे फुगल्यावर साडेनऊ सेंटिमीटर व्यास, १.२ मीटरच्या नळीत साधारण साडेआठ लिटर हवा मावते, म्हणजे वर ओढायची ताकद साडेआठ किलोच्या आसपास. हे कमी नाही बरं का.

खालचं तोंड आपोआप बंद होणारं बघ. साध्या उघड्या तोंडाचा वर जाऊन आडवा पडला की हवा सांडते आणि नळी उभी राहतच नाही. बंद तोंडाचा घेतलास तर जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह पाहिजेच, कारण १० मीटरवर दाब २ बार असतो, तिथं अर्धा भरलेला वर येऊन पूर्ण फुगतो. तिथंच पूर्ण भरलास अन व्हॉल्व्ह नसला तर शिवण फाटायची पाळी येते.

लातूर_खोलपाणी:
ताईंचं बरोबर आहे, मी फक्त दोरीचं बोलतो कारण लोक नळीवर पैसे घालतात आणि दोरीकडं बघतच नाहीत. सुरुवातीला स्पूल घे भाऊ, रील नको. स्पूलमधी बिघडण्यासारखं काही नसतं, दोन बोटांत सैल धरला की पतंगाच्या चकरीसारखा फिरतो. रीलला दांडा, लॉक, गुंता, सगळंच आलं. एका डाइव्हला शेजारच्या ग्रुपमधल्या एकाचं रील अडकलं, त्यानं हातातलं सोडलंच नाही आणि ५ मीटरचा सेफ्टी स्टॉप (वर येताना मधी थोडा वेळ थांबणं) राहिला बाजूला, सरळ वर गेला. नशीब काही झालं नाही. म्हणून नियम एकच धर, अडकलं की सोडून द्यायचं, एसएमबी गेला तर गेला. आणि एसएमबी सोडताना स्पूल कधीच बीसीडीला (अंगातल्या हवेच्या जॅकेटला) क्लिप करायचा नाही, कधीच नाही.

सेफ्टी स्टॉपवरून सोडणार असशील तर १५ मीटर दोरी भरपूर झाली. खालून सोडायची वेळ येऊ शकते असं वाटत असंल तर ३० मीटरचा घे.

सोडताना आधी वर बघायचं, डोक्यावर बोट नाही ना, बड्डी (जोडीदार) नाही ना. न्यूट्रल हो (ना वर ना खाली, अधांतरी), मग नळी उलगडून हाताभर पुढं धर. दोरी टँकच्या नळ्यांपासून लांब. तोंडानं फुंकलास तर छातीतली हवा पिशवीत गेली एवढंच होतं, तुझी एकूण ओढ बदलत नाही. पण त्यानंतर रेग्युलेटरमधून (टँकची हवा देणारं तोंडातलं यंत्र) पहिला श्वास घेतलास की वर जायला लागतोस, म्हणून फुंकलं की लगेच सोडायचं. ऑक्टोपसनं (जादाच्या रेग्युलेटरनं) भरलास तर टँकमधली हवा नव्यानं येते, म्हणजे भरता भरताच वर ओढलं जातं. मोठ्या माणसाच्या एका भरपूर श्वासात ३-४ लिटर हवा जाते, १० मीटरवरून तीच वर जाऊन ६ ते ८ लिटर होते, मग अजून कशाला पाहिजे. अन रेग्युलेटर तोंडाबाहेर असंल तेवढा वेळ बारीक बुडबुडे सोडत राहायचं, श्वास रोखून धरायचा नाही.

वर पोचला की दोरी गुंडाळून ताठ कर. ढिली राहिली तर नळी लोळते आणि दोरी तुझ्याच पायात येते.

नांदेड_तरणतलाव:
मी पोहायला शिकवतो, प्रॅक्टिसचं माझ्याकडून घे. पूलवाल्याला आधी विचार, लाइफगार्ड समोर पाहिजे, अन दीड मीटरच्या भागातच कर जिथं उभं राहता येतं. पहिलं काम कोरड्यात: गुंडाळी उलगडणं, क्लिप काढणं, स्पूल बोटात धरणं, हे डोळे मिटून जमेपर्यंत घरी कर. मग पाण्यात मास्क लावून तेच. भरलेली नळी हातानं खाली दाबून बघ, कशी ओढते ते तिथंच कळतं. पण श्वास रोखून खाली बसायचे प्रयोग करू नका, सोबत कुणी नसताना तर अजिबात नाही. पुढचं नेत्राणीला. सेंटरला आधीच फोन करून सांग की पहिल्या डाइव्हला ५-६ मीटरवर एसएमबी सोडून बघायचाय, इन्स्ट्रक्टर शेजारी पाहिजे.

गंगाखेड_३१:
लई आभार सगळ्यांचे, विहिरीचं डोक्यातून काढलं. मामालाबी सांगितलं. शेवटचं, चौघांत एक पुरंल का, अन रंग कोणता?

निळाई_संभाजीनगर:
प्रत्येकाकडं एक. सोडायचा जोडीत एकच, पण करंटमधी चौघं फुटलात तर ज्याच्याकडं नाही तो तरंगत राहतो. रंग नारिंगी. काही ठिकाणी पिवळा म्हणजे मदत हवी असं धरतात पण सगळीकडं तसं नाही, म्हणून बोटीवर चढल्यावर ब्रीफिंगमधी विचारून घ्या. सोबत शिट्टी ठेवा. अन परत आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, आतलं पाणी काढून, थोडी हवा भरून सावलीत वाळवा, नाहीतर पुढच्या सीझनला तोंडाचे पापुद्रे चिकटलेले सापडतील.