प्रति: तळाशी त्यांना काय देणंघेणं?

वर एकाने म्हटलंय की छोटे मासे प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) मागे फिरतात, तळ कसलाही असो. तारलीपुरतं ठीक आहे, पण उत्तर समुद्रातला सँडईल बघा. वीतभर लांब, काडीसारखा, रुपेरी. दिवसा वर येऊन प्लवक खातो. रात्री आणि जवळजवळ अख्खा हिवाळा वाळूत गाडून घेतो. बीळ वगैरे नाही, वाळूच्या कणांमधून झिरपणाऱ्या पाण्यातूनच श्वास. म्हणून वाळू भरड हवी. गाळ साधारण १० टक्क्यांच्या वर गेला की हा तिथे जवळपास सापडतच नाही. अंडीसुद्धा वाळूच्या कणांनाच चिकटलेली. त्यामुळे डॉगर बँकेसारखे उथळ वाळूचे पट्टे हेच त्याचे अड्डे. शेजारी चिखल लागला की संपलं, वर खाणं कितीही असो!

शिवाय एकदा जागा धरली की वाढलेले सँडईल फार लांब जात नाहीत. एका पट्ट्यातले मासे उपसले तर दुसरीकडचे येऊन तो भरतील, हा हिशेब इथे चालत नाही. पफिन, किटीवेक हे समुद्रपक्षी पिलांना हेच मासे भरवतात. मुख्यतः अशा पक्ष्यांसाठी २०२४ मध्ये इंग्लंडच्या उत्तर समुद्रात आणि स्कॉटलंडच्या सगळ्या हद्दीत सँडईलची मासेमारी बंद झाली. उशिराच, माझ्या मते.