वाळूत खुंटी टिकत नाही

तुम्ही विचारलंय, पोरांना घेऊन पहिल्यांदाच जातोय, तंबू तापीच्या वाळूतच लावू का? नको. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाणी वाढतं. काठापासून लांब, उंचावरची जागा बघा. शिवाय वाळूत खुंट्या टिकत नाहीत. आमचा तंबू रात्री अंगावरच बसला होता, पोरं मात्र जाम खूश! तेव्हापासून आम्ही पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती पुरतो. काळ्या मातीत खुंटी छान बसते, पण पाऊस झाला की चिखल सुटता सुटत नाही.

डिसेंबर-जानेवारीत जा. पहाटे दव पडतं, वरचं कापड ताणूनच बांधा. आधी एक रात्र गच्चीवर झोपून बघा. आणि भरीत घरूनच न्या, अंधारात वांगी भाजत बसू नका.