जड स्क्वॉटमध्ये दोन बैठकांच्या मधे थांबावं का? श्वास किती घ्यावेत?

पाचवीबैठक:
मंडळी, चार महिने झाले, माझा स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन मारायच्या बैठका) १०० किलोवर अडकलाय. पाचचा सेट लावतो, म्हणजे सलग पाच बैठका. पहिल्या दोन बैठका छान जातात, तिसरीला कंबर सैल पडल्यासारखी वाटते आणि चौथीहून उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पाचवी कशीबशी निघते, नाहीतर बार सेफ्टीवर (रॅकच्या बाजूच्या आडव्या दांड्यांवर) टेकवावा लागतो. सेट संपल्यावर मांड्यांत मात्र जोर शिल्लक असतो. संपलेला असतो तो दम.

मला सुरुवातीला शिकवलं होतं की खाली जाताना श्वास घ्यायचा, वर येताना सोडायचा. आजही तसंच करतो. काल मोबाइलवर शूट करून पाहिलं तर पाचही बैठका १७ सेकंदांत उरकल्या होत्या. मधे ताठ उभा असतो तो जेमतेम एक सेकंद. बार पाठीवर घेऊन थांबलो तर ताकद फुकट जाईल ही भीती आहे. थांबावं का? थांबलो तर किती श्वास? वय ३४, बीपी नॉर्मल, कमरेचा पट्टा वापरत नाही.

बारखालचा:
बारा वर्षं बार उचलतोय आणि त्यातली पहिली तीन तुमच्यासारखीच घाईत घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"खाली जाताना घ्या, वर येताना सोडा" हे हलक्या वजनाला ठीक आहे. जड बारखाली त्याने नुकसान होतं. खाली जाता जाता श्वास घेत राहिलात तर तळाशी पोहोचेपर्यंत धड पुरतं भरलेलं नसतं. आणि उठताना, कंबरेला सर्वांत जास्त आधार हवा असतो नेमका तेव्हाच तुम्ही हवा सोडून देता. त्यातून वजन कमाल ताकदीच्या साधारण ८० टक्क्यांपुढे गेलं की आपण ठरवो न ठरवो, घसा आपोआप बंद होतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या बैठकीला तुम्ही नकळत श्वास कोंडताय, तोही अर्धवट भरलेला, आणि वर आल्यावर तो बदलायला एक सेकंद पुरत नाही. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. काजवे बहुतेक त्याचेच.

श्वास आधी, हालचाल नंतर. ताठ उभं राहून तोंडाने पटकन श्वास घ्या, घसा बंद करा, कुंथताना पोट जसं घट्ट होतं तसं करा आणि मगच गुडघे मोडा. श्वासपटल वरून खाली दाबतं, पोटाची भिंत बाहेरून आवळते आणि मधल्या दाबाने मणक्याला पुढून टेकू मिळतो. यालाच व्हाल्साल्व्हा म्हणतात. खांदे वर उचलले गेले तर श्वास छातीतच अडकला असं समजा. शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्यामधे दोन्ही बाजूंना अंगठे रुतवा आणि श्वासाने ते बाहेर ढकलून बघा. आधी बारशिवाय, मग रिकाम्या २० किलोच्या बारखाली. उठताना सर्वांत अवघड टप्पा ओलांडला की दातांतून थोडी हवा सुटली तरी चालेल. तळाशी असताना मात्र कधीच सोडू नका.

आता थांबण्याचं. बैठकीतून ताठ झाल्यावर क्षणभर प्लेट्सची खणखण चालू असते, बार किंचित डोलत असतो. त्या डोलण्यातच पुढची बैठक सुरू केली तर बार आपल्याला मिळेल तिकडे ओढतो. मी खणखण विरेपर्यंत हलत नाही. ती विरली की जुना श्वास अर्ध्याहून थोडा जास्त सोडतो (पूर्ण रिकामा नाही, नाहीतर पाठ मऊ पडते), नवा भरतो आणि जातो. दुसऱ्या बैठकीआधी एक श्वास, तिसरीआधी एक किंवा दोन, चौथी-पाचवीआधी दोन, फार तर तीन. त्यापुढे थांबणं महाग पडतं. तुमची भीती तेवढ्यापुरती खरी आहे, कारण बार पाठीवर आहे तोवर पाठ आणि पोट राबतच असतात.

या चार-पाच सेकंदांत स्नायूंना विशेष ताकद परत मिळत नाही हेही लक्षात असू द्या. स्नायूंचा तातडीचा साठा, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, निम्मा भरून यायलाच साधारण अर्धा मिनिट लागतं आणि जवळपास पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं. ती विश्रांती दोन सेटच्या मधली. बैठकांच्या मधलं थांबणं हे फक्त हवा बदलण्यासाठी आणि धड पुन्हा बांधण्यासाठी. तुमचा सेट २५ ते ३५ सेकंदांचा झाला तर अजिबात घाबरू नका.

जमिनीवरूनच:
स्क्वॉटबद्दल वरचं सगळं पटलं. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलताना, मात्र हे जसंच्या तसं लावू नका. तिथे खाली वाकलेलं असताना पोट मांड्यांवर दाबलं जातं आणि श्वास अर्धाच मावतो. मी वर ताठ असताना बार हातात धरूनच श्वास बदलतो, तो कोंडून बार खाली नेतो, जमिनीवर पूर्ण टेकवून स्थिर करतो आणि त्याच श्वासावर पुन्हा उचलतो. पकड कच्ची असेल तर वर थांबणं जमत नाही. मग बार ठेवा, हात सोडा, उभं राहून श्वास भरा आणि पुन्हा वाकून पकडा. वेळ जातो, पण प्रत्येक उचल पहिल्या उचलीसारखी स्वच्छ होते. बार जमिनीवर आपटून त्या उसळीवर पुढची उचल काढणं मी सोडून दिलंय. तसं करताना माझी कंबर गोल व्हायची आणि ते मला महिनोन्‌महिने कळलंच नाही.

बारखालचा:
पूर्ण सहमत. आणि बेंच प्रेसला (बाकावर उताणं झोपून बार वर ढकलताना) उलट काळजी. तिथे हात सरळ असताना छोटासाच घोट घ्यायचा. सगळी हवा सोडली की छाती खाली बसते, बारला जास्त अंतर जावं लागतं आणि आवळलेले खांद्याचे पाते सुटतात. एकदा सुटले की त्या सेटमधे पुन्हा नीट बसत नाहीत.

गोळीसकाळची:
बीपीवाल्यांसाठी लिहितो, कारण मी त्यातलाच आहे. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत नळी घालून जड व्यायामात रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला (यंत्रावर पायांनी वजन ढकलताना) सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला आणि एकाचा ४८०/३५० च्याही वर. निरोगी माणसात हा दाब सेट संपताच झपाट्याने उतरतो. पण बीपी, हर्निया, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास किंवा हृदयाचं काही असेल तर श्वास कोंडायच्या आधी डॉक्टरांशी बोला. मला डॉक्टरांनी जड वजन आणि श्वास रोखणं दोन्ही बंद करायला सांगितलंय. मी हलक्या वजनावर सावकाश दहा करतो, श्वास वाहता ठेवून, आणि त्यात समाधानी आहे.

पाचवीबैठक, बीपी नॉर्मल असलं तरी काजव्यांकडे दुर्लक्ष करू नका. अंधारी आली तर पुढची बैठक घ्यायची नाही, बार रॅकवर. आणि रॅक केल्यावर लगेच बार सोडू नका, दोन्ही हातांनी धरून उभे राहा. दाब एकदम उतरतो तेव्हाच माणूस कोसळतो.

पाचवीबैठक:
सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय.

वजन ९० वर आणलं आणि अंगठ्यांचा सराव रोज केला. पहिल्याच दिवशी कळलं की माझा श्वास डाव्या-उजव्या बाजूला जातच नव्हता, सगळा छातीत. आज पुन्हा १०० लावले. खणखण थांबेपर्यंत उभं राहणं फार अवघड गेलं, पाय आपोआप मोडायला बघतात. तिसरीआधी दोन श्वास, शेवटच्या दोन्हींआधी दोन-दोन. पाचवी निघाली, काजवे नाहीत, कंबर शेवटपर्यंत घट्ट. व्हिडिओत ३१ सेकंद.

आता एकच विचारतो: चौथीनंतर श्वास भरताना मान आपोआप वर जाते आणि नजर छताकडे. हे कसं थांबवू?

बारखालचा:
समोर जमिनीवर सात-आठ फुटांवर खडूने एक खूण करा. श्वास भरताना आणि खाली-वर होतानाही नजर तिथेच. पुढच्या वेळी बाजूने शूट करून टाका, पाहून सांगतो.