युरोपियन गाडी म्हणजे इंजिनियरिंग आणि अमेरिकन गाडी म्हणजे नुसता पत्रा? जरा दमानं घ्या

मिशिगनवाला

स्टुटगार्टकर यांनी परवा त्यांच्या धाग्यावर एक वाक्य फेकलंय: "युरोपियन डिझायनर माणसासाठी गाडी काढतो, अमेरिकन डिझायनर अहंकारासाठी. अमेरिकेला साधी धड हायब्रिडसुद्धा काढता आली नाही." खाली धडाधड +१. तिथेच उत्तर लिहायला बसलो पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय, प्रशासकांनी हवा तर उडवावा.

मी इकडे मिशिगनला पॉवरट्रेनमध्ये, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या कामात आहे, दोन्हीकडची गिऱ्हाइकं बघितलीत. अभिरुची-बिभिरुची काही नसते हो, गाडीचा आकार कर ठरवतो. तुमच्या जर्मनीत पेट्रोलवर लिटरमागे ६५ सेंट नुसता इंधन कर, वर व्हॅट. इकडे फेडरल कर गॅलनला १८.४ सेंट, तोही १९९३ पासून जागचा हललेला नाही, राज्यांचा वेगळा असतो पण गॅलन म्हणजे पावणेचार लिटर हे लक्षात घ्या. फ्रान्सने कर लावला फिस्कल हॉर्सपॉवरवर, म्हणजे करासाठी मोजलेल्या हॉर्सपॉवरवर, इटलीने दोन लिटरच्या वरच्या इंजिनांवर जबर व्हॅट लावला, तुम्ही दरवर्षी सीसी मोजून पैसे घेता, मग इंजिनं लहान राहणार नाहीतर काय होणार. मिनी १९५९ ला आली ती सुएझच्या पेट्रोलटंचाईनंतर. तिच्या डिझायनरने, इसिगोनिसने, इंजिन आडवं टाकलं कारण दहा फुटांत चार माणसं कोंबायची होती. सौंदर्यदृष्टी वगैरे नंतर चिकटवलेलं कौतुक.

आता इकडचं. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर लावला म्हणून १९६४ मध्ये आम्ही बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली, ती आजही आहे. म्हणजे पिकअपमध्ये देशी कंपन्यांना बाहेरची स्पर्धाच नाही. मग १९७५ च्या कायद्याने कॅफेचे, म्हणजे कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी मायलेजचे नियम आले, त्यात कारला कडक माप आणि 'लाइट ट्रक'ला ढिलं. कंपन्यांनी काय केलं? स्टेशन वॅगन बंद केली आणि तेच कुटुंब ट्रकच्या चासीवर बसवून त्याला एसयूव्ही म्हटलं. पुढे मायलेजचं लक्ष्य गाडीच्या फुटप्रिंटवर, म्हणजे चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरायला लागलं. गाडी जितकी मोठी तितकं लक्ष्य सोपं. सरकारनेच सांगितलं की फुगवा, त्यांनी फुगवली.

आणि हायब्रिडबद्दल बोलायचं तर शेवरले व्होल्ट डिसेंबर २०१० ला डेट्रॉइटजवळच्या आमच्या हॅमट्रॅम्कच्या प्लांटमधून बाहेर पडली. तीच गाडी युरोपात ओपेल अँपेरा म्हणून गेली आणि २०१२ ची युरोपियन कार ऑफ द इयर झाली, निवड युरोपियन पत्रकारांनीच केलेली. तेव्हा तुमच्याकडे काय होतं? डिझेल.

---

स्टुटगार्टकर

अरे वा, आमच्या एका वाक्यावर अख्खा प्रबंध! धन्यवाद.

कराचं मला शिकवू नका, दरवर्षी भरतो. पण करामुळे गाडी लहान झाली तरी ती चांगली का झाली हे त्यातून कुठे कळतं? ऑटोबानवर अजूनही बऱ्याच लांबीवर वेगमर्यादा नाही. तिथे १८० ने जाताना समोर ट्रक आला की ब्रेक, टायर, सस्पेन्शन सगळ्याची परीक्षा होते. तुमच्याकडे १९७४ पासून १९८७ पर्यंत अख्ख्या देशाला ताशी ५५ मैलांची मर्यादा, तेवढ्याला सोफ्यासारखं सस्पेन्शन पुरतं.

दुसरी गोष्ट, आमच्याकडे गाडी विकण्याआधी सरकारी मान्यता लागते. तुमच्याकडे कंपनी स्वतःच लिहून देते की आम्ही नियम पाळले, सरकार नंतर सवडीने तपासणार, आणि चुकलं तर रिकॉल.

आणि अहंकार म्हणालो ते उगाच नाही. टेक्सासला चुलतभावाकडे गेलो होतो, त्याच्या पिकअपच्या बॉनेटसमोर माझा पुतण्या उभा होता, पहिलीतला पोरगा, आणि चालकाच्या सीटवरून त्याच्या डोक्याचा केससुद्धा दिसेना. भाऊ म्हणतो, "कॅमेरा आहे ना." तुमच्याच आयआयएचएसने, म्हणजे विमा कंपन्यांच्या रस्तेसुरक्षा संस्थेने, २०२३ मध्ये सांगितलं की ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटची गाडी पादचाऱ्याला लागली तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या कारपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त. २००९ ला अमेरिकेत साधारण ४,१०० पादचारी मेले, २०२२ ला ७,५०० च्या वर. हेही करानेच केलं का? गाड्यांची सुरक्षा तपासणारी आमची युरो एनकॅप संस्था १९९७ पासून पादचाऱ्यांसाठी गाड्या आपटून बघतंय.

---

टोलनाका

तुमचं चालू द्या, मला फक्त एक सांगा, अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल का असतो??

न्यू जर्सीत राहतो. टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर, पुढच्याचा लाल दिवा पेटला, मला वाटलं ब्रेक मारला, मी दाबला, तो बाबा लेन बदलत होता, आणि मागचा माझ्या डिकीत. विम्यावाल्याशी भांडण अजून चालू आहे. पिवळा इंडिकेटर सक्तीचा करायला काय जातं?

---

मिशिगनवाला

टोलनाका, हा धागा त्याचा नाही. पण मागच्याने अंतर ठेवलं नाही ही मागच्याची चूक, दिव्याचा रंग काय करणार त्याला.

---

टोलनाका

वाटलंच होतं कोणीतरी हे म्हणणार. एनएचटीएसएने, म्हणजे इथल्या सरकारी रस्तेसुरक्षा खात्याने, २००९ मध्ये स्वतः अभ्यास केला, पिवळ्या इंडिकेटरच्या गाड्यांना मागून धडक बसण्याचं प्रमाण ५.३ टक्क्यांनी कमी निघालं. ज्या कामासाठी तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा केला त्याच कामाचा हा उपाय, आणि जवळजवळ फुकट. पण नाही! नियमात दोन्ही रंग चालतात म्हणे. तीच जर्मन गाडी युरोपात पिवळा इंडिकेटर घेऊन फिरते आणि इकडे बोटीतून उतरली की लाल. स्टुटगार्टकर, तुमचे माणसासाठी गाडी काढणारे डिझायनर इकडच्या माणसाला माणूस समजत नाहीत वाटतं?

---

चाकणकर

यावर मी बोलू शकतो, दिव्यांच्याच धंद्यात आहे. एकाच गाडीच्या मागच्या दिव्याची दोन-दोन ड्रॉइंगं माझ्या टेबलावर असतात, एक युरोपचं, एक अमेरिकेचं. अमेरिकेच्या नियमात इंडिकेटरच्या प्रकाशणाऱ्या भागाचं किमान क्षेत्रफळ ठरलेलं आहे. युरोपातल्या फॅशनेबल बारीक एलईडी पट्ट्या त्यात बसत नाहीत. मग नवीन दिवा काढण्यापेक्षा ब्रेकचाच लाल दिवा लुकलुकवायचा, तो मोठा असतो, नियमात बसतो, नव्या डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च वाचतो. इतकं साधं आहे, यात कोणाचा कट नाही.

हेडलाइटचं तर विचारूच नका. अमेरिकेत १९४० पासून १९८३ पर्यंत सीलबंद ठरावीक मापाचे दिवेच लागायचे, त्यामुळे युरोपियन गाड्यांची तोंडं तिकडे जाताना अक्षरशः बदलावी लागत. समोरच्या गाडीपुरता झोत आपोआप कापणारे दिवे युरोपात कधीचे रस्त्यावर होते, अमेरिकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये परवानगी दिली, तीही स्वतःची वेगळी चाचणी लावून. आणि बंपर. १९७३ च्या मॉडेलांपासून ताशी पाच मैलांच्या धडकेचा नियम आला आणि चांगल्या चांगल्या जर्मन, इटालियन गाड्यांना पुढेमागे ओटे बांधल्यासारखं दिसायला लागलं.

---

निळी_छत्री

चाकणकर, आधी आपल्याकडच्या पांढऱ्याफेक एलईडीचं बघा! पुण्याला आले की रात्री एक्सप्रेस-वेवर डोळे मिटून गाडी चालवावी लागते, जो तो बाहेरून बल्ब बसवून घेतो, आणि ट्रकला मागे दिवाच नसतो. लाल की पिवळा हा श्रीमंतांचा प्रश्न आहे.

---

टोलनाका

ताई, डिकी माझी चेपली आहे, मी काही श्रीमंत नाही.

---

मिशिगनवाला

झाला का इंडिकेटरपुराणाचा अध्याय समाप्त? सोळा ओळींचा धागा काढला मी करावर आणि हायब्रिडवर, आणि निम्मे प्रतिसाद दिव्यावर. यापुढे दिव्यांचा वेगळा धागा काढा, विनंती नाही, वैताग समजा.

स्टुटगार्टकर, बॉनेटचं मान्य, दुसरा इलाज नाही म्हणून मान्य. पण डिझेलला तुम्ही सफाईने बगल दिलीत. जर्मनीत डिझेलवर कर ४७ सेंट, पेट्रोलपेक्षा लिटरला अठरा सेंटनी स्वस्त, म्हणून सगळा खंड डिझेलवर गेला आणि हायब्रिडला तुम्ही नाक मुरडलं, "आम्हाला गरज नाही". मग वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या माणसांनी गाड्यांना यंत्र लावून खऱ्या रस्त्यावर धूर मोजला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची धूरचाचणीतली सगळी फसवणूक बाहेर आली. ती आधीची सरकारी मान्यता कुठे गेली होती तेव्हा?

आणि त्याआधीची गंमत. २००५ मध्ये जीएम, डेमलरक्रायस्लर आणि बीएमडब्ल्यू यांनी मिळून हायब्रिड बनवायला घेतली, टू-मोड म्हणतात ती. ऑफिस कुठे? म्युनिक नाही, स्टुटगार्टही नाही. ट्रॉय, मिशिगन. माझ्या घरापासून फार लांब नाही.

---

स्टुटगार्टकर

आणि त्यातून काय निघालं? जीएमची टाहो एसयूव्ही हायब्रिड! आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची हायब्रिड! त्यापेक्षा तुम्ही गप्प बसला असतात तर बरं झालं असतं.

डिझेलच्या बाबतीत लाज वाटते, वाटायलाच हवी, तिथे सारवासारव करणार नाही. पण हायब्रिड वेगळी का हे तुम्ही पॉवरट्रेनवाले असून सांगत नाही याचं आश्चर्य. टोयोटासारखी पॉवर-स्प्लिट रचना, म्हणजे इंजिन आणि मोटरची ताकद ठरावीक गिअरांशिवाय वाटून देणारी, शहरात झकास, फोर्डने २००४ च्या एस्केपला तीच धर्ती वापरली. पण तीच गाडी १६० ला दामटली की इंजिन वरच्या सुरात रडत बसतं. म्हणून युरोपवाल्यांनी मोटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये घातली आणि आठ गिअर तसेच ठेवले. चालवणाऱ्याला गिअर पडलेला कळतो, हायवेला गाडी ताणली जात नाही. यालाच मी इंजिनियरिंग म्हणतो.

---

निळी_छत्री

इंजिनियरिंग?? आता मी बोलते. म्युनिकजवळ नोकरी करते, आमच्या ऑफिसचा अर्धा पार्किंग लॉट प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करायच्या हायब्रिडनी भरलेला आहे. कंपनीची गाडी खाजगी वापरली तर दरमहा गाडीच्या किमतीच्या १ टक्का रक्कम उत्पन्नात धरून त्यावर कर बसतो, प्लग-इन असली की अर्धा टक्का. म्हणून सगळ्यांनी प्लग-इन घेतल्या. आणि पेट्रोलचं कार्ड कंपनीचं! मग घरी स्वतःच्या विजेवर चार्ज कोण करेल? माझ्या शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ गाडी परत करायला गेला तेव्हा चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होती. दोन-अडीचशे किलोची बॅटरी आणि मोटर घेऊन तो तीन वर्षं पेट्रोल जाळत फिरला.

युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये हेच मोजून दाखवलं, प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साधारण साडेतीन पट. कंपन्यांना मात्र कागदावरचा आकडा पुरतो, कारण विकलेल्या गाड्यांच्या सीओटूची सरासरी किलोमीटरला ठरलेल्या ग्रॅमच्या मापाबाहेर गेली की प्रत्येक गाडीमागे, प्रत्येक ग्रॅमला ९५ युरो दंड. ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड, जिची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, ती पण त्यातलीच, एकदोन ग्रॅम खाली आणायचे, आणि युरोपच्या विक्रीच्या आकड्यांत ती 'हायब्रिड' म्हणूनच मोजायची. म्हणजे मिशिगनवाले बरोबर आहेत, कर आणि दंड. पण ते बरोबर आहेत म्हणून अमेरिका बरोबर होत नाही.

---

मिशिगनवाला

शेवटचं वाक्य नसतं तर फ्रेम करून लावलं असतं.

अमेरिकेतल्या हायब्रिडचं एक सांगतो. आमच्याकडे बर्फाच्या वादळात वीज गेली की वीज कंपनी चार-चार दिवस उगवत नाही, कंपनीचं नाव घेत नाही. शेजाऱ्याकडे फोर्डच्या एफ-१५० पिकअपची हायब्रिड, मागच्या हौद्यात ७.२ किलोवॉटचे सॉकेट. त्याने वायर ओढून आमचा फ्रीज, घर गरम करायच्या भट्टीचा पंखा आणि सौ.चा इन्स्टंट पॉट चालवला. फेब्रुवारी २०२१ ला टेक्सास गोठलं तेव्हा लोकांनी याच गाड्यांवर घरं चालवली. ट्रक मोठा आहे हे खरंय, पण इथल्या माणसाला ट्रककडून काय हवंय हे ओळखून काढलेली हायब्रिड आहे ती. याला डिझाइन म्हणायचं नाही का?

---

स्टुटगार्टकर

फ्रीज चालवायला अडीच टनाची गाडी. आमच्याकडे विजेच्या तारा जमिनीखाली पुरतात, ते थोडं स्वस्त पडतं. पण ठीक आहे, भाजी खराब झाली नाही, अभिनंदन, तेवढा गुण दिला.

---

चाकणकर

दोघांनाही एक विचारतो. ऑगस्ट २०२५ च्या व्यापार निवेदनात अमेरिका आणि युरोप दोघांनी एकमेकांची गाड्यांची मानकं मान्य करायचा इरादा जाहीर केलाय. ते खरंच झालं तर? अमेरिकेचा एअरबॅगचा नियम पट्टा न लावलेल्या माणसालाही धरून लिहिलाय, म्हणून बॅग मोठी आणि दणका वेगळा. युरोपात पट्टा गृहीत. पादचाऱ्यांच्या डोक्यासाठी बॉनेट मऊ ठेवायचं युरोपात सक्तीचं, अमेरिकेने सप्टेंबर २०२४ मध्ये नुसता प्रस्ताव मांडला. मग कुठल्या मापाची गाडी बनवायची, सोप्या की कडक? कंपनी सोपंच घेणार, मी वीस वर्षं हेच बघतोय. आमच्याकडे तळेगावात जीएमने विक्री २०१७ ला थांबवली आणि २०२० च्या डिसेंबरात प्लांटला कुलूप लावलं, तिथे आता ह्युंदाई आली, चाकणला फोक्सवॅगन चालू आहे. ड्रॉइंग कुठूनही येवो, दर पैशापैशाने पाडूनच मागतात.

---

निळी_छत्री

म्हणजे ते पिकअप म्युनिकच्या आमच्या गल्लीत येणार? आत्ताच वैयक्तिक मंजुरीच्या पळवाटेने एकदोन दिसतात, पार्किंगची पांढरी रेघ ओलांडून बाहेर आलेले असतात.

---

टोलनाका

आणि लाल इंडिकेटर घेऊन येणार. तेव्हा बघू स्टुटगार्टकर काय म्हणतात.

---

स्टुटगार्टकर

लाल इंडिकेटर इकडे आला तर पहिली तक्रार मी करीन. त्या बाबतीत टोलनाका बरोबर आहेत, आणि मिशिगनवाल्यांनी उगाच त्यांना झापलं.

---

मिशिगनवाला

झापलं नाही, विषय सांगितला. दिव्यांचा धागा काढताय का कोणी, की मीच काढू?