कामगारांनीच कंपनी चालवायला घेतली तर आपसात पटतं का?

प्रश्न: आमच्या कारखान्याला टाळं लागायची वेळ आलीये, कामगारांची सहकारी सोसायटी काढून आपणच चालवू अशी चर्चा आहे. पण कालपर्यंत शेजारच्या मशीनवर असलेल्याला आज 'उशिरा का आलास' हे विचारणार कोण?

उत्तर १: कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज कंपनी बघा. १९८५ ला बंद पडली, १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कामगारांच्या सोसायटीला हिरवा कंदील दिला. तुमचा प्रश्न बरोबर आहे पण मला त्याहून मोठा पेच वाटतो तो म्हणजे युनियनचेच लोक बोर्डावर, म्हणजे संचालक मंडळावर, बसले की तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? बोर्ड आणि युनियन वेगळी ठेवाच.

उत्तर २: अर्जेंटिनात न्यूकेन प्रांतातली झानोन टाइल फॅक्टरी, २००१ ला मालकाने बंद केली, कामगारांनी ताब्यात घेऊन २००२ ला भट्ट्या पुन्हा पेटवल्या. तिथे प्रत्येक विभागाचा समन्वयक कामगारच निवडायचे, तो आळीपाळीने बदलायचा आणि मोठे निर्णय सगळ्यांच्या सभेत व्हायचे. अशा पद्धतीत उशिराचा जाब एक माणूस विचारत नाही, सभेने ठरवलेला नियम विचारतो. वेळ खूप जातो हे खरं, पण रुसवेफुगवे तिथल्या तिथे बाहेर येतात.

उत्तर ३: सभेत मोठ्या आवाजाचे चार जणच बोलतात हो, बाकीचे मान डोलावतात आणि मग चहाच्या टपरीवर खरं बोलतात. गुप्त मतदान ठेवा. आणि हिशोब दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा, संशय तिथूनच सुरू होतो.