मदत हवी आहे: टिळकांच्या भजनाची स्वरलिपी

नमस्कार. मी मूळची नगरची, सध्या मिनेसोटात लुथरन पाळक व्हायचं शिकतेय. इंटर्नशिपचं वर्ष चालू आहे, त्यामुळे चर्चमध्ये सगळे मला 'व्हिकर' म्हणतात. अंगात पांढरा झगा, पण गळ्यात स्टोल (पाळकाचा लांब पट्टा) नाही. तो पाळकीय दीक्षेनंतरच. प्रभुभोजनविधीही बिशपच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही. उपदेश मात्र करते, आणि मग सभासदांची समिती कॉफी पीत पीत त्याची चिरफाड करते!

आता तीच समिती म्हणतेय, तुमच्याकडचं एखादं गीत शिकवा. मला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन घ्यायचंय. ऑर्गन वाजवणाऱ्या आजींना फक्त पाश्चात्त्य नोटेशन कळतं, आणि माझ्या आजीच्या वहीत नुसते शब्द आहेत, चाल माझ्या कानात. कुणाकडे तयार स्वरलिपी आहे का? लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) आधी हवी होती.