प्रतिसाद: जॉन्सन घराणं, फरशी आणि मेण
वरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की एकाच घराण्याच्या मालकीच्या कंपन्या मूळ धंदा सोडत नाहीत. एस. सी. जॉन्सन या अमेरिकी घरगुती-वस्तूंच्या कंपनीचं मात्र उलटंच झालं. १८८६ साली विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावात त्यांनी सुरुवात केली ती लाकडी फरशा विकण्यापासून. निगा कशी राखायची, असं गिऱ्हाइकं विचारू लागली, म्हणून मेण आलं आणि पुढे फरशी मागेच पडली! हॉटेलं-इस्पितळांना साफसफाईची रसायनं पुरवणारा विभाग १९९९ मध्ये वेगळा काढला, २०११ मध्ये तो सील्ड एअर या अमेरिकी पॅकेजिंग कंपनीकडे गेला. (आपल्याकडचं 'ऑल आउट' याच घराण्याचं, पण ते घरगुती.) मग २०१५ मध्ये ब्रिटनची डेब ही हात धुण्याच्या साबणांची कंपनी विकत घेऊन जॉन्सन पुन्हा व्यावसायिक बाजारात हजर. मुळात तो विभाग वेगळा काढायलाच नको होता, असं माझं मत.